निहाल गेला की तू जा

देविदास, परवा तुझ्या तेरवीला जाऊन आलो. वाशीमच्याही पुढं तुझं गाव. जन्मभर दुसऱ्यांना बसवून नेलं, स्वतः प्रवासी म्हणून बसायची सवय नाही. एसटीत प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता. पोचलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. ते अजून तसंच आहे.

तिथं तुझ्या बायकोशी बोलणं झालं. बराच वेळ तीच बोलली, मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती तुलाही सांगायला हवी. तू असताना माझ्या तोंडून ती निघाली नाही. एरवी माझं तोंड कधी बंद नसायचं, हे तुला माहीत आहे.

आपल्या धंद्यात खरं काम सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास. मी मांजरीहून गाडी भरायचो, तू हडपसरहून. दोघं हिंजवडीला कंपनीच्या पोरापोरींना उतरवायचो, मागच्या मैदानात गाड्या लावायचो आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचो. लोकांना वाटतं ड्रायव्हर गाडी चालवून दमतो. तो वाट बघून जास्त दमतो. डबा खाऊन झाला, सीटवर डुलकी झाली, टायरला लाथ मारून झाली, तरी दुपारचा एकच वाजलेला असायचा.

अशाच एका दुपारी तू ती हिंदी मालिका लावलीस. आदल्या संध्याकाळचा भाग, इंजिनच्या झाकणावर, पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाईलवर. मी म्हणालो, "आरं, हे बायकांचं काय बघतोस?" तू म्हणालास, "बस तं खरं, बाप्पा." पंधरा दिवसांत त्या झाकणाभोवती आठ ड्रायव्हर जमायला लागले. मालिकेचं नाव कुणी घ्यायचं नाही. "लावा रे ते," एवढंच.

निहाल मोठ्या घरचा, तारिणी शाळेत गाणं शिकवणारी. दोघांचं लग्न व्हायलाच एक गणपती आणि एक दिवाळी गेली. मग निहालनं वहिनीच्या चुगलीवर विश्वास ठेवला, तारिणी नेसत्या साडीनिशी घर सोडून गेली आणि गोष्ट तिथंच रुतून बसली. निहालला चूक कळली होती. तो दर दोन दिवसांनी तिला आणायला निघायचा, गाडीत बसायचा, चावी फिरवायचा आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा. घरोघरी बायका तेव्हा डोळे पुसत असतील. आपले ड्रायव्हर मात्र ओरडायचे, "हँडब्रेक ओढलेलाच हाय त्याचा! हा कसला जातोय बायकोकडं?"

आपल्यात दोन तट पडले, आणि त्यांचे पुढारी आपण दोघं. मी निहालकडून. माझं म्हणणं सोपं होतं, की जी न सांगता गेली तिनं आपल्या पायानं यावं. तू तारिणीकडून. तू म्हणायचास, "तिनं काऊन यावं? चूक याची हाये. यानं दारात जाऊन उभं राहावं. आत घे म्हनू नये, नुसतं उभं राहावं." यावरून आपण रोज भांडायचो. सलीमभाई, आपल्यातले सगळ्यात जुने, ज्यांच्या तीन पिढ्या पुण्यातच गेल्या, ते कपाळाला हात लावायचे. "अहो, भांडायचं ते जाहिरातीत भांडा. संवाद तरी ऐकू द्या माणसाला."

तुझ्या गाडीतली ती चष्मेवाली पोरगी आठवते? मागच्या दाराशी बसायची. एकदा छत्री विसरली म्हणून दुपारी मैदानात आली आणि आठ बापे मोबाईलवर वाकलेले बघून थबकली. "काका, तुम्ही पण निहारिणी फॅन? ओ माय गॉड, मी हे ऑफिसच्या ग्रुपवर टाकणार." निहाल आणि तारिणी मिळून निहारिणी, हे तिनं आपल्याला शिकवलं. जगभरातल्या पोरी त्या दोघांच्या फोटोंना गाणी लावून व्हिडिओ करतात, लेखकाला शिव्या घालतात, हेही तिनंच सांगितलं. मग तूही एका व्हिडिओखाली मराठीत लिहिलंस, 'तारिणीताई, तुम्ही जाऊ नका. त्याला येऊ द्या.' पोरींनी त्याला बदाम पाठवले. ते तू मला दिवसातून तीनदा दाखवलेस, आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "व्वा, आता मालिकाच लिही."

इतका तू त्या बाईच्या बाजूनं का, हे मला बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तू एकदाच सांगितलं होतंस, तेही औंधच्या पुलाआधी गाड्या तासभर अडकल्या होत्या आणि आपण खाली उतरून उभे होतो तेव्हा. चार वर्षांपूर्वी वनितावहिनी हडपसरच्या खोलीतून माहेरी गेली, वडलांच्या आजारपणासाठी. वडील गेले. तू मातीला पोचला नाहीस, तेरवीलाही नाही, कारण बदलीचा माणूस मिळाला नाही. ती म्हणाली, "तुमाले यायले जमलं नाई, आता मलेबी जमनार नाई." लेकरूबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं. तू सांगितलंस आणि पुढची गाडी हलली म्हणून स्टिअरिंगवर जाऊन बसलास. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मालिका संपली की तू उठायचास. "टायर पाहून येतो." गाडीच्या मागं जायचास आणि अर्धा तास यायचा नाहीस. आम्ही चेष्टा करायचो, की देविदासच्या टायरइतकी काळजी कंपनीच्या साहेबाचीसुद्धा कुणी घेत नसेल. तिथं तू काय करत होतास ते मला परवा कळलं.

आता माझं सांगतो. आपल्यात सुट्टी म्हणजे आपला माणूस आपणच शोधून द्यायचा, हे काही कुठं लिहिलेलं नाही, पण तसंच चालतं. मी गेलो तर माझे थांबे तुझ्या गाडीत, तू गेलास तर तुझे माझ्या. पाऊण तास आधी उठायचं, दोन्हीकडची माणसं कोंबायची, उशीर झाला की सगळ्यांची बोलणी खायची. माझ्या बायकोचं, मंगलचं ऑपरेशन झालं तेव्हा तू अकरा दिवस माझे थांबे घेतलेस. मी 'घेशील का' म्हणायच्या आधी 'हाव' म्हणाला होतास. डब्यात माझ्यासाठी ठेचाही आणायचास, कारण मंगल झोपून आहे तर दत्ताभाऊ काय खात असेल म्हणून. तेव्हा मी तुला 'उपकार झाले' असंही म्हणालो नाही. मित्रांत म्हणत नाहीत, असं मला वाटायचं. म्हणायला हवं होतं रे.

आणि मग संक्रांत झाली. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आपण झाकणाभोवती बसलो होतो, मालिका सुरू व्हायची होती. तू मोबाईल बाटलीला टेकवत, माझ्याकडं न बघता म्हणालास, "भाऊ, येत्या गुरवार-शुक्रवारी माहे थांबे घेतो का? दोन दिवस."

"कुटं निघालास?"

"गावाकडं. जाऊन येतो जरा."

मला कळलं होतं, देविदास. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. तू आवाज का खाली केलास, मोबाईल नीट टेकलेला असताना परत परत का टेकवत होतास, सगळं कळलं होतं. पण त्या आठवड्यात मी दमलो होतो. रस्ता खोदलेला, रोज अर्धा तास जास्त, घरी गेल्यावर पायातले गोळे जात नव्हते. पाऊण तास आधी उठायचं नुसतं मनात आलं आणि माझं डोकं फिरलं. सरळ 'नाही' म्हणालो असतो तरी चाललं असतं. तू दुसरा माणूस शोधला असतास. मी आठ जणांसमोर म्हणालो, "निहाल गेला का तारिणीकडं? न्हाय ना? मग त्यो गेला की तू जा."

सगळे हसले. तूही हसलास. सलीमभाई तेवढे हसले नाहीत, ते डब्याचं झाकण लावत राहिले.

तू पुन्हा विचारलं नाहीस. मला नाही, कुणालाच नाही. ती थट्टा मैदानात रुळली मात्र. निहालनं चावी फिरवली की कुणीतरी ओरडायचं, "देविदास, बॅग भर!" तूही म्हणायचास, "भरलेलीच हाये." माणसं कशाकशावर काय काय टांगून ठेवतात. मला आधी वाटलं, तू गंमत करतोस. पुढं पुढं वाटायला लागलं, की तू खरंच त्या माणसाची वाट बघतोयस. म्हणजे तो गेला तर तुला जाता येईल, आणि कुणाला हसता येणार नाही. असा करार मी हसतहसत करून बसलो होतो आणि तू तो पाळत होतास.

आणि त्या लोकांना कुठं घाई होती! आधी निहालचा अपघात केला. मग त्याला काही आठवेना. मग निहालचं काम करणारा नटच मालिका सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आणला. त्या दिवशी चष्मेवाली पोरगी गाडीत चढताना म्हणाली, "काका, आय ॲम डन. हा माझा निहाल नाही. आम्ही सगळ्या बॉयकॉट करणार." आपले ड्रायव्हरही भडकले. नव्याची हनुवटी, नव्याचा आवाज, सगळ्याला नावं ठेवली. तू एकटा शांत. "चेहरा बदलला म्हनून चूक बदलते का? कोनी का असेना, जाऊ द्या त्याले."  

शेवटी होळीच्या आसपास तो नवा निहाल खरोखर तिच्या दारात पोचला. कडी वाजवली. आतून तारिणीची सावली हलली आणि भाग संपला. आठ ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हॉर्न दाबला. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या सीटमागं निळी बॅग होती. मी ती बघितली. दुपारी भाग लावला आणि कळलं, की ते दार, ती कडी, सगळं निहालचं स्वप्न होतं. तो आपल्या पलंगावर दचकून उठून बसला होता.

तू त्या दिवशी टायर बघायला गेला नाहीस. डबाही उघडला नाहीस. मला म्हणावंसं वाटलं, 'देविदास, मरू दे ती मालिका, मी थांबे घेतो, तू आज संध्याकाळी निघ.' ओठापर्यंत आलं होतं. पण मग माझी जुनी थट्टा थट्टा नव्हती, असं कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "बॅग आज घरी न्यायची विसरू नको." तू म्हणालास, "नाई विसरत."

त्यानंतर तीन आठवडे. तो दिवस मला पुन्हा आठवायचा नाही. दुपारी भाग संपला, आम्ही उठलो, तू उठला नाहीस. सलीमभाईंनी तुला दोन्ही हातांनी उचललं, माझ्या गाडीत आडवं केलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. मी गाडी चालवत होतो आणि मला ते कळलं नाही.

पण कंपनी काही सुटायची थांबत नाही. संध्याकाळी तुझी माणसं मैदानात उभी होती. तुझे थांबे मी घेतले, देविदास. त्या दिवसापासून रोज घेतोय. पाऊण तास आधी उठतो आणि कसलीही अडचण येत नाही. चष्मेवाली आता पुढं, माझ्या मागच्या सीटवर बसते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काका, आज भाग बघितला का?" आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून रडली. झाकणाभोवती आता कुणी जमत नाही. तेरवीला जायचं तर दोन दिवस हवे होते. मी सलीमभाईंकडं गेलो, अजून तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणाले, "दोन्हीकडचे थांबे मी बघतो. तुम्ही जा." ते ऐकून मी गाडीच्या मागं गेलो आणि तिथं बराच वेळ उभा राहिलो.

तुझ्या गावी मांडवात जेवणं उरकली होती. मी हात धुऊन सावलीला बसलो होतो. तेरवीसाठी माहेराहून आलेली वनितावहिनी समोर येऊन थोडी लांब जमिनीवर बसली.

"तुमी दत्ताभाऊ ना? निहालवाले?"

 मी मान हलवली.

"हे सांगत होते तुमचं. म्हनत, आमच्या इकडं एक दत्ताभाऊ हाये, तो तुह्यासारखाच बोलते. तुमी माह्या बाजूचे."

मग तिनं सांगितलं. दीड वर्षापूर्वी तिनं रेशन कार्डाच्या कागदासाठी तुला फोन केला. तुझ्यामागं मालिकेचा आवाज येत होता. ती म्हणाली, "तुमीबी पाहता काय हे?" तिथून रोज. तू मालिका संपवून टायर बघायला जायचास, ती तिकडं काम बाजूला ठेवून बसायची. तू म्हणायचास, चूक निहालची, त्यानं जायला पाहिजे. ती म्हणायची, नाही, निहाल वाईट नाही, त्याचं कामच तसं आहे, तारिणीनंही थोडं समजून घ्यावं. तू ऐकायचा नाहीस, ती ऐकायची नाही. "भांडत होतो आमी, भाऊ. रोज. पन आमचं सोताचं एक अक्षर नाई. दीड वर्सात त्यायनं एकदाबी नाई म्हटलं का ये, अन् मीबी नाई म्हटलं का या."

देविदास, म्हणजे मी तुझ्याशी भांडत होतो असं समजत होतो, आणि तू माझ्या तोंडून तिचंच बोलणं ऐकत होतास. ती तुझी बाजू लढवत होती आणि तू तिची. एवढं सगळं झालेलं होतं, फक्त दोन दिवसांचं अंतर उरलं होतं. ते दोन दिवस तू माझ्याकडं मागितलेस.

ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "येतो असं एक डाव जरी म्हटलं असतं नं त्यायनं." आणि उठायला लागली. मी तिथं गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तिनं मला आपल्या बाजूचा म्हणून पाणी आणून दिलं असतं, मी पिऊन निघालो असतो. मी म्हणालो, "वहिनी, बसा. तो येणार होता."

मग सगळं सांगितलं. थांबे, गुरुवार-शुक्रवार, माझं बोलणं, ते हसणं. काही लपवलं नाही, दमलो होतो हेसुद्धा सबब म्हणून सांगितलं नाही. ती मला काही बोलेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं विचारलं, "कोनता गुरवार?"

"संक्रांतीनंतरचा."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग अगदी हळू, कुणाला तरी वेळ सांगावी तसं म्हणाली, "त्या गुरवारी माहं हळदीकुंकू होतं. बायायची ये-जा होती. मी दिवसभर घरीच होतो, भाऊ. दार उघडंच होतं."